दुधाचा दात



गेल्या माघात आमच्या नातीचा पहिला दात पडला. वय सहा वर्षे आणि वर काही महिने. खालच्या ओळीतला, अगदी समोरचा. आठ दिवस तो हलत होता. पोर जिभेने त्याला पुढे-मागे ढकलीत बसे आणि भाकरीचा घास एका गालात धरून चघळी. शेवटी एका सकाळी पेरू खाताना तो पेरूतच राहिला. आधी रक्त पाहून ती रडली, मग दात तळहातावर घेऊन घरभर नाचली. सूनबाईंनी तिच्या तोंडात चिमूटभर साखर घातली आणि शेजारच्या दोन घरी सांगून आल्या. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास असतो. त्याला फोनवर ते बोळके दाखवले, तर तो कामाच्या जागी असूनही असा मोठ्याने हसला की इकडे सगळ्यांना ऐकू आले.

त्याच महिन्यात माझी एक दाढ उमरग्यास जाऊन काढून घ्यावी लागली. त्या दिवशी घरात मऊ भात शिजला. साखर कोणी वाटली नाही!

वाचकहो, दोन तोंडांतून एकेक दात गेला. एकीकडे उत्सव, दुसरीकडे मऊ भात. असे का, म्हणून विचाराल तर कोणतेही शेंबडे पोर सांगेल, ‘तिचा पुन्हा येणार आहे, आबा, तुमचा नाही.’ उत्तर बरोबरच आहे. परंतु एवढ्याने माझे समाधान होत नाही, आणि ते का होत नाही हे सांगण्यासाठीच आज लेखणी घेतली आहे.

लहानपणी पाठशाळेत आम्ही अमरकोश घोकला. तिसऱ्या कांडात, नानार्थवर्गात, द्विज शब्दाचे तीन अर्थ येतात. गुरुजी विचारीत, ‘द्विज म्हणजे कोण?’ आम्ही पोरे ताठ बसून ‘ब्राह्मण’ म्हणत असू. गुरुजी म्हणत, ‘आणि झाडावर काय बसले आहे? आणि तुझ्या तोंडात काय आहे?’ पक्षी एकदा अंडे म्हणून जन्मतो, एकदा अंडे फोडून. म्हणून तो द्विज. दातही दोनदा जन्मतो, म्हणून तोही द्विज. मुंजीचे द्विजत्व काही घरांतच असते. दाताचे द्विजत्व मात्र देवाने सर्व जातींच्या लेकरांना सारखेच वाटून दिले आहे. हे आमच्या संतांना आवडले असते असे मला नेहमी वाटते.

बालकांच्या वैद्यकाचा जुना ग्रंथ काश्यपसंहिता. त्यात दातांच्या जन्मावर स्वतंत्र अध्याय आहे. बत्तीस दातांपैकी आठ एकदाच जन्मणारे आणि बाकीचे द्विज, अशी तिथे गणना आहे. आजचे दंतवैद्य निराळा हिशेब देतात. दुधाचे दात वीस, ते पडून त्यांच्या जागी वीसच येतात आणि मागच्या बारा दाढा एकदाच येतात. माझी दाढ काढणाऱ्या वैद्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आयाबायांनी ध्यानात ठेवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, म्हणून घरचे लोक तिलाही दुधाचीच समजतात आणि किडली तर किडू देतात. ती जन्माची दाढ असते. असो, हे विषयांतर झाले.

पण त्याच वैद्यांनी जे दुसरे सांगितले ते विषयांतर नव्हे. ते म्हणाले, ‘महाराज, नातीचा पडलेला दात नीट पाहा. त्याला मूळ आहे का?’ घरी येऊन पाहिले. वर पांढराशुभ्र, खाली पोकळ. मूळ नाहीच! मूळ गेले कुठे? तर हिरडीखाली जो दुसरा दात तयार होत असतो तो वर सरकू लागला की दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरत जाते. शेवटी वरचा दात नुसता हिरडीच्या आधाराने उभा असतो आणि पेरूच्या एका फोडीनेही पडतो. आणि हा दुसरा दात काही सहाव्या वर्षी घडत नाही. लेकरू आईच्या पोटात असते तेव्हाच त्याचा कोंब जबड्यात बसलेला असतो. पाळण्यात बाळ बोळके पसरून हसते तेव्हा आपण म्हणतो, याला दात नाहीत. त्याच्या जबड्यात त्या वेळी दोन्ही पिढ्या मुकाट्याने बसलेल्या असतात.

नातीच्या तोंडाला खिडकी पडल्यावर तिचे बोलणे बदलले. ‘तुळस’ म्हणताना वारा सुटू लागला. व्याकरणात त, थ, द, ध, न, ल, स हे वर्ण दन्त्य. त्यांना दात लागतात. मी गंमत म्हणून आपला मंत्र तपासला. राम. र मूर्धन्य, म ओष्ठ्य. कृष्ण. क कंठ्य, बाकी सारे मूर्धन्य. हरि. कंठ, मूर्धा आणि तालू. ‘राम कृष्ण हरि’ या सबंध मंत्रात एकही दन्त्य वर्ण नाही! पांडुरंगातही नाही. विठ्ठल म्हणताना मात्र शेवटच्या ल ला जीभ दाताशी जाते. मंत्र कोणी असा योजून ठेवला असे मी म्हणणार नाही. परंतु पाळण्यापासून ओसरीवरच्या बाजेपर्यंत कोणाचेही त्यावाचून अडू नये, एवढे झाले आहे खरे.

आता दात टाकण्याची रीत. आमच्या मुरुमात आणि आसपासच्या खेड्यांत पडलेला दात घराच्या माळवदावर टाकीत, नाहीतर उंदराच्या बिळात. पोराने उंदराला सांगायचे की हा माझा घे आणि तुझा मला दे. कुठे तुळशीच्या बुडाशी पुरतात. आमच्या गावात कानडी बोलणारी घरे पुष्कळ. ती या दातांना ‘हालु हल्लु’ म्हणतात, म्हणजे दुधाचेच दात. फ्रान्स आणि स्पेन देशांतही लेकराचा दात उंदरालाच देतात. जपानात खालचा दात छपरावर फेकतात आणि वरचा जमिनीकडे, म्हणजे नवा दात त्या दिशेने सरळ वाढावा. एवढ्या दूरदूरच्या आयांना एकच गोष्ट सुचली याचे नवल वाटते. दात टाकून द्यायचा, पण कचऱ्यात नाही. कोणाच्या तरी हवाली करायचा आणि बदल्यात काही मागायचे.

आमच्यातलाच कोणी विरक्त इथे मला अडवील. म्हणेल, ‘बुवा, पोराच्या दातात काय अडकून पडलात? आईबापांचा हा आनंद म्हणजे शुद्ध मोह. हाडाचा एक तुकडा पडला, दुसरा येईल, तोही पडेल.’ हा पूर्वपक्ष हलका नाही. याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीला सांगितलेच आहे की पुत्र आपल्याला प्रिय होतो तो पुत्राकरिता नव्हे, आत्म्याकरिता. मग बापाला झालेला हर्ष ‘माझे’ वाढले, म्हणूनच ना?

मी म्हणतो, थोडे थांबा. मोहाचे लक्षण काय? जे हातात आहे ते सुटू नये. मोहाला हे लेकरू आहे तसेच हवे असते. बोबडे बोलणारे, मांडीवर मावणारे, दाण्यासारखे दात दाखवून हसणारे. त्या रूपाहून गोड रूप आईबापांना पुढे कधी दिसत नाही. आणि दात पडणे ही ते रूप सुटू लागल्याची पहिली खूण. पुढचे दात मोठे येणार, चेहरा बदलणार, बारा वर्षांचे होईतो तोंडात दुधाचे काही उरणार नाही आणि मग ते मांडीवर बसणार नाही. हे सगळे त्या माउलीला कळते. कळूनही ती साखर घालते. लेकरू आपल्यापासून दूर जाऊ लागले याचा आनंद करणे, हे मोहाला साधत नाही. आमची सून त्या दिवशी हसत होती आणि डोळे पुसत होती. दोन्ही खरेच होते.

भागवतातली यशोदा आठवा. मुलाने माती खाल्ली की काय म्हणून तिने तोंड उघडायला लावले. त्यातही दुधाचेच दात असतील! आत पाहते तो ब्रह्मांड. घाबरली बिचारी. पुढे काय झाले? ती ते विसरली आणि पोराला मांडीवर घेऊन पूर्वीसारखीच मायेने भरून गेली. भागवतकार तिला त्याबद्दल दोष देत नाहीत.

इथपर्यंत लिहिणे मला सोपे गेले. पुढचे जड आहे.

तीस सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून माणसे रात्री उशिरा निजली होती. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना किल्लारीच्या बाजूने भूकंप झाला. आम्ही मुरुमात घराबाहेर धावलो. आमच्या भिंती राहिल्या. लातूर आणि आमचा जिल्हा, तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, मिळून दहा हजारांच्या जवळपास माणसे गेली. आमच्या भागातली घरे म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर लाकडावर पांढऱ्या मातीचे थर दिलेले माळवद. उन्हाळ्यात थंड, थंडीत उबदार. त्या पहाटे भिंती फाकल्या आणि ते सगळे ओझे निजलेल्या माणसांवर आले.

मी तेव्हा तिशीतला होतो, आवाज चांगला होता, आणि आपल्याला शास्त्र येते याचा ताठाही होता. मार्गशीर्षात सास्तूरच्या बाजूला, जो भाग तेव्हा आमच्याच उमरगा तालुक्यात होता, एका पत्र्याच्या शेडांच्या वस्तीत मला कीर्तनाला बोलावले. माणसांना धीर द्यावा, एवढाच हेतू. मी गीतेचा दुसरा अध्याय काढला. देहाला बालपण, तारुण्य, म्हातारपण येते तसाच पुढचा देह येतो, हा भगवंतांचा दृष्टान्त. तो लोकांच्या गळी उतरावा म्हणून मी त्याला आपल्या घरचा दृष्टान्त जोडला. दुधाचा दात पडतो तेव्हा आई रडते का? उलट साखर वाटते. कारण दुसरा येणार हे तिला ठाऊक असते. मग देह पडला तर शोक कशाचा? द्विज शब्दाचा अर्थही सांगितला. टाळकऱ्यांनी माना डोलावल्या. मला वाटले, साधले.

कीर्तन संपल्यावर माणसे पाया पडायला आली. त्यांत एक बाई, वय तिशीच्या आतबाहेर. ती पाया पडली नाही. समोर उभी राहून हळू आवाजात म्हणाली, ‘महाराज, तुमी दाताचं सांगितलंत. माज्या लेकराचा दात गौरी जेवल्या त्या दिशी पडला. म्याच माळवदावर टाकला. आठ दिसांत त्येच माळवद त्याच्यावर आलं. भायेर काढलं तवा त्वांड उगडं हुतं. फट तशीच हुती. दुसरा आला न्हवता, महाराज.’

एवढे बोलून ती बाजूला झाली. तिने मला काही विचारले नव्हते, म्हणून उत्तर द्यायचीही सोय नव्हती. मी वीणेकऱ्याकडे पाहिले, तो खाली पाहत होता.

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवरायांचे मडके कच्चे निघाले, ही कथा मी शेकडो वेळा रंगवून सांगितली होती. ते थापटणे त्या रात्री माझ्या डोक्यावर पडले.

घरी आल्यावर पंडिती बुद्धीने पळवाटा शोधल्या. पहिली, दृष्टान्त नेहमी एकदेशी असतो. चंद्रासारखे मुख म्हटले म्हणजे मुखावर डाग शोधायचे नसतात. हे खरे; पण तिने डाग शोधला नव्हता. तिने दृष्टान्त जसाच्या तसा घेतला होता आणि तो तिच्या घरी घडला होता. दुसरी पळवाट स्मृतींची. तिथे आशौचाचा काळ दातांवरून धरला आहे. दात येण्यापूर्वी बालक गेले तर लगेच शुद्धी, चौलापर्यंत एक रात्र, मुंजीपर्यंत तीन रात्री. पाठशाळेत मी हे पाठ म्हणून बक्षीस मिळवले होते. पण ते माप विटाळाचे. शोकाचे माप शास्त्राने कुठेच दिलेले नाही, आणि न दिले हे बरे केले.

माझी चूक कुठे होती, हे उमगायला पुष्कळ वर्षे लागली. आईला दुसरा दात येणार हे ठाऊक असते ते कशाने? तिने स्वतःच्या तोंडात पाहिलेले असते, भावंडांच्या पाहिलेले असते, गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या पाहिलेले असते. तिची खात्री पाहिलेल्या गोष्टीची आहे. देह पडल्यावर पुढे काय, यावर माझा विश्वास आहे. गुरूंनी सांगितले, भगवंतांनी सांगितले, म्हणून आहे आणि तो आजही तसाच आहे. पण मी ते पाहिलेले नाही. न पाहिलेले मी पाहिल्यासारखे बोललो, तेही जिचे घर तिच्या डोळ्यांदेखत बसले तिच्यापुढे. माझ्या विश्वासाने मी माझा शोक आवरावा. दुसऱ्याच्या शोकाकडून तो सक्तीने वसूल करण्याचा अधिकार मला कोणी दिला?

आम्ही कीर्तनकार मंडळी गोरोबाकाकांचे चरित्र लावतो तेव्हाही असेच करतो. काका नामाच्या भरात चिखल तुडवतात, लेकरू पायाखाली येते, संती हंबरडा फोडते. आणि आम्ही घड्याळाकडे पाहत तासाभरात पंढरपूर गाठतो, काकांचे हात परत आणतो, लेकरू रांगत आणतो, टाळ्या घेतो. संतीचे मधले दिवस कसे गेले असतील, यावर मी तरी कधी दोन वाक्ये बोललो नव्हतो. आता बोलतो. काहींना ते लांबण वाटते, वाटो.

तो दाताचा दृष्टान्त मी पुन्हा कधी दिला नाही. तीस वर्षे होऊन गेली.

पण त्या बाईच्या बोलण्यातून एक प्रश्न मात्र माझ्या मागे लागला. तिने विचारला नव्हता. माझा मलाच पडला. गौरी जेवल्या त्या दिवशी दात माळवदावर टाकताना ती हसली असेल, लेकराला साखर दिली असेल. दुसरा दात आला नाही. मग तो आनंद खोटा ठरला का? आनंद जर येणाऱ्या दाताच्या भरवशावर घेतलेली उसनवारी असेल, तर ती बुडाली म्हणावे लागेल. आणि वैद्यांचे ऐकल्यावर तर मन अधिकच खालीवर झाले. दुसरा दात आला नव्हता हे तिचे म्हणणे खरे, पण तो होता. हिरडीच्या आत पूर्ण होत आलेला होता. हे तिला सांगितले तर समाधान होईल की घाव होईल? मला कळेना. बरे झाले, त्या रात्री मला हे ठाऊक नव्हते. नाहीतर माझ्यासारख्याने तेही बोलून दाखवले असते!

गेल्या चैत्रात गोरोबाकाकांच्या पुण्यतिथीला तेरला गेलो. या खेपेला नात बरोबर होती. उन्हाने माणसे सावली धरून बसली होती. एक म्हातारी, गळ्यात माळ, कमरेला टाळांची पिशवी, माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. मग उठून आली आणि म्हणाली, ‘राम कृष्ण हरी, महाराज. वळखलंत का?’ मी ओळखले नाही. तिने वस्तीचे नाव सांगितले, आणि मग पत्र्याची शेड, कंदील, सगळे पुढे उभे राहिले. मी उठून तिच्या पाया पडलो. ती ‘असं करू नगा’ म्हणत मागे सरली.

जवळ बसली. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग एकदम म्हणाली, ‘आता कीर्तनात दाताचं सांगत न्हाईत व्हय?’

मी म्हणालो, ‘नाही, माउली. त्या रात्रीपासून नाही सांगितले.’

‘का वो? सांगत जावा की. त्या दिशी दात हातावर घिऊन कसा नाचला हुता माजा! समद्या आळीला दावून आला. त्येवढं आठिवलं की मला आजबी हसू येतं.’ आणि ती खरोखर हसली.

मी गप्प राहिलो. तिचे लक्ष नातीकडे गेले. पोर उसाचा रस पीत होती, तोंडाची खिडकी दिसत होती. म्हातारीने तिला जवळ ओढले. ‘ये बाय, आ कर बगू. आगं, मोट्टा आ!’ नातीने आकाशाकडे तोंड करून आ केला. म्हातारीने पदराला बोट पुसले आणि खालच्या हिरडीवरून हळूच फिरवले.

‘आलाय की,’ ती मला म्हणाली. ‘लागतोय बोटाला. तुमी बगा.’